पहिल्या मताचं काय झालं?

(रत्नागिरी येथे गिरणी कामगार व त्यांच्या वारसांच्या मेळाव्यात एका जुन्या साचेवाल्याने केलेले भाषण. ऐकणाऱ्यांच्या आग्रहावरून छापले आहे.)



मी पुढारी नाही. मी साचेखात्यातला माणूस. सहा वाजताचा भोंगा झाला की उठायचं, हजेरी लावायची आणि साचा चालू करायचा, एवढीच माझी विद्या. तेव्हा माझ्या बोलण्यात शास्त्रीबुवांची भाषा शोधू नका. जे पाहिलं, जे भोगलं आणि त्यावर रात्री पडल्या पडल्या जो विचार केला, तोच आपणांसमोर मांडणार आहे. विषय आहे पोटनिवडणुकीचा. निवडून आलेला आमदार मधेच राजीनामा देतो, जागा मोकळी होते आणि आपल्याला पुन्हा रांगेत उभं केलं जातं, त्या पोटनिवडणुकीचा.

आमच्या संगमेश्वर तालुक्यात अशी पोटनिवडणूक झाली, तेव्हाची गोष्ट सांगतो. मी गावी होतो. गिरणी बंद पडल्यावर मुंबईत खोलीचं भाडं भरून बसण्यापेक्षा गावची पेज बरी, म्हणून आलो होतो. दारात गाड्या येऊ लागल्या, भिंतीवर कागद चिकटू लागले. माझी आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, "काय रे, मतं पुन्हा आली?" मी म्हटलं, "होय आये. आमदारानं राजीनामा दिला." ती म्हणाली, "मेला बिला नाही ना?" मी म्हटलं, "छे, धडधाकट आहे. तोच पुन्हा उभा आहे." तिचा हात सुपातच थांबला. म्हणाली, "तोच पुन्हा? मग आपण मागं मत दिलं होतं, त्या पहिल्या मताचं काय झालं?"

बंधूंनो, मला उत्तर देता आलं नाही. मी आयुष्यभर युनियनच्या सभा ऐकलेला माणूस, गेटवर घोषणा दिलेला माणूस, आणि न शिकलेल्या म्हातारीच्या सवालापुढे गप्प बसलो. आज ती नाही. पण तिचा सवाल आहे, आणि आज मी त्याचंच उत्तर द्यायला उभा आहे.

एकाच दोरीची दोन टोकं

आधी काय घडलं ते नीट आठवा. आपली आठवण फार लवकर पुसली जाते आणि त्यावरच पुष्कळांचं दुकान चालतं.

२००४ च्या ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक झाली. शिवसेनेचे ६२ आमदार निवडून आले. त्यांत मालवणहून श्री. नारायण राणे होते. १९९९ साली ते राज्याचे मुख्यमंत्री होऊन गेलेले होते आणि २००५ साली विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. जुलै २००५ मध्ये त्यांची पक्षातून हकालपट्टी झाली. ते काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला, आणि ऑगस्टात विलासराव देशमुखांच्या सरकारात महसूलमंत्री झाले. नोव्हेंबर २००५ मध्ये मालवणला पोटनिवडणूक झाली. राणे साठ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. ज्या पक्षाच्या निशाणीवर ते वर्षापूर्वी निवडून आले होते, त्याच पक्षाच्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. डिपॉझिट जाणं म्हणजे पडलेल्या मतांचा सहावा हिस्साही हाती न लागणं.

त्यांच्यामागून त्यांच्या बाजूचे काही आमदारही बाहेर पडले. राजापूरचे गणपत कदम, संगमेश्वरचे सुभाष बने, श्रीवर्धनचे श्याम सावंत आणि मुंबईत नायगावचे कालिदास कोळंबकर. यांनीही राजीनामे दिले आणि तिथंही पोटनिवडणुका झाल्या.

आता ही नावं पुन्हा एकदा मनात म्हणून पाहा. राजापूर. संगमेश्वर. नायगाव. अहो, ही काय परक्या मुलखातली नावं आहेत? राजापूर-संगमेश्वर म्हणजे आपलं घर, आणि नायगाव म्हणजे आपली खोली! मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सगळ्यांत जास्त हात आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे होते. आणि तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे मालवण, वेंगुर्ल्यापर्यंतचा. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. बाप नायगावच्या चाळीत, आई संगमेश्वरच्या खेड्यात. पगार इथं, चूल तिथं. मधे मनिऑर्डरची दोरी. त्या एकाच दोरीची दोन्ही टोकं एकाच कारणानं हलली. एकाच कुटुंबात बापाला मुंबईत आणि लेकाला गावी, दोघांनाही पुन्हा मत द्यायला बोलावलं गेलं. म्हणून ही पोटनिवडणूक आपली आहे. तिचा हिशेब दुसऱ्या कुणाआधी आपण घेतला पाहिजे.

कायदा काय सांगतो

राजीनामा का द्यावा लागला? पक्ष बदलायचा होता तर बाकं बदलून बसले असते! पूर्वी तसंच चालत असे. सकाळी या पक्षात, संध्याकाळी त्या पक्षात. त्याला आळा घालायला १९८५ साली घटनेत ५२ वी दुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदी आली. जो आपल्या पक्षाचा त्याग करील किंवा पक्षाचा आदेश मोडून मत देईल, त्याची आमदारकी जाईल. पण त्यात एक खिडकी उघडी ठेवली होती. पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर ते सुरक्षित! म्हणजे एकट्यानं चोरी केली तर चोर, टोळीनं केली तर ती फूट. २००३ साली ९१ वी दुरुस्ती झाली आणि ही खिडकी बंद केली. आता दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं तर दोन तृतीयांश आमदार पाहिजेत.

हिशेब करा. ६२ आमदारांचे दोन तृतीयांश म्हणजे ४२. जुन्या कायद्यानं एकवीस जमले असते तर भागलं असतं. राणेंच्या बाजूला तेवढेही नव्हते. तेव्हा सरळ रस्ता एकच उरला: राजीनामा द्या, नव्या निशाणीवर उभे राहा आणि मतदाराचा कौल घ्या.

आता राजीनामा कसा द्यायचा, त्याचाही कायदा आहे. स्वतःच्या सहीनं अध्यक्षांकडे द्यायचा. पूर्वी कागद हातात पडला की काम झालं. पण १९७४ साली गुजरातेत नवनिर्माण आंदोलन पेटलं, लोकांनी आमदारांना घेरून राजीनामे घ्यायला सुरुवात केली. तेव्हा त्याच वर्षी घटनेची ३३ वी दुरुस्ती झाली. आता अध्यक्षांनी खात्री करून घ्यायची, की हा राजीनामा खुशीचा आहे आणि खरा आहे. खात्री झाली नाही तर तो स्वीकारायचा नाही. आणि जागा मोकळी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर सूट.

हे सगळं मी कशासाठी सांगतो? कायद्यानं आमदाराच्या राजीनाम्याची किती काळजी घेतली आहे ते पाहा, म्हणून. त्यानं राजीनामा दबावाखाली दिला का, खुशीनं दिला का, हे अध्यक्ष स्वतः विचारतात. आता आपला राजीनामा आठवा.

आमचा राजीनामा आणि त्यांचा राजीनामा

१८ जानेवारी १९८२. डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले. मीही गेलो. त्यानंतर काय झालं ते या मंडपातल्या प्रत्येकाच्या घरात लिहिलेलं आहे. कुणी भाजी विकली, कुणी रखवालदारी धरली, कुणी गावी येऊन दुसऱ्याच्या कलमांची राखण केली. वर्षं गेली, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि मग आला तो कागद. स्वेच्छानिवृत्तीचा! "खुशीनं सोडतो" असं लिहिलेला. ज्या गिरणीत मी होतो तिचं नाव मी घेत नाही. गिरण्या निराळ्या, कागद तोच. टेबलावर कागद, बाजूला पेन, आणि मागं रांग. आम्हांला कुणी विचारलं का हो, "बाबा रे, ही सही खुशीची आहे का?" कुणी अध्यक्ष होता का आमची खात्री करून घ्यायला?

आम्ही सही केली आणि आमचा साचा भंगारात गेला. आमदारानं सही केली, तो सहा महिन्यांत दुसऱ्या दारानं त्याच खात्यात हजर. नवा बिल्ला, नवी हजेरी, आणि कधी कधी तर जागा वरची! आमदार नसतानाही सहा महिने मंत्री राहता येतं, ही सवलत घटनेत आहे. आमच्या बदलीवाल्याला दिवसाची पाळी मिळेल की नाही ते सकाळी गेटवर कळायचं.

मला कुणाचा हेवा नाही. एवढंच सांगतो, की ज्याला राजीनामा देऊन परत यायची सोय आहे, त्यानं परत येताना हिशेब दिला पाहिजे. कामगार खातं बदलतो तेव्हा जुन्या खात्यातला ताबा देतो. किती बॉबिनी, किती कापड, काय बाकी, सगळं मोजून. आमदारानं पक्ष बदलला तर त्यानं कुणाला ताबा द्यायचा? पक्षाला? नव्हे. ज्यानं मत दिलं, त्याला.

खुर्ची सोडण्याची एक जुनी रीत

राजीनामा ही वाईट गोष्ट आहे असं माझं म्हणणं नाही. ह्या महाराष्ट्राच्या जन्मातच एक राजीनामा आहे. १९५६ सालच्या जुलैत चिंतामणराव देशमुखांनी केंद्राच्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ते कुलाबा मतदारसंघाचे खासदार, म्हणजे आपल्या कोकणचेच. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट घातला जात होता. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या होत्या. त्यात पडलेल्यांत आपले गिरणी कामगार होते. देशमुखांनी लोकसभेत उभं राहून आपलं म्हणणं मांडलं आणि खुर्ची सोडली. दुसऱ्या पक्षाची त्याहून मोठी खुर्ची मिळवायला नव्हे. राजीनाम्याच्या कागदावर त्यांच्या स्वतःच्या लाभाचं कलम नव्हतं.

पुढं १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र हलवून सोडला. आपल्या राजापुरातून नाथ पै लोकसभेत गेले. आणि १ मे १९६० ला राज्य झालं. त्यासाठी शंभराहून अधिक माणसं मेली. तेव्हा विधानसभेची जी जागा आज कुणी सोडतो आणि कुणी पकडतो, ती जागा काही कुणाच्या आजोबांनी बांधलेली नाही. ती आपल्या माणसांच्या रक्तानं उभी राहिलेल्या घरातली खोली आहे. ती सोडताना आणि तिच्यात पुन्हा शिरताना मालकाला विचारलंच पाहिजे.

राजीनामा न देणारे

आता थोडं थांबा. मघापासून टाळ्या वाजवता आहात, पण इथं मला तुमच्या मनाविरुद्ध बोलायचं आहे.

राजीनामा देऊन पुन्हा मत मागायला येणाऱ्याला आपण शिव्या घालतो. पण जो राजीनामा न देताच बाजू बदलतो, त्याचं काय? जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या ५५ आमदारांपैकी ४० जण वेगळे झाले. सरकार पडलं, नवं सरकार आलं. त्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलेही आमदार होते. त्यांनी राजीनामे दिले नाहीत. "आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच खरा पक्ष," असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं उलट. निवडणूक आयोग झाला, सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२३ ला निकाल दिला, जानेवारी २०२४ मध्ये विधानसभेच्या अध्यक्षांनी निर्णय दिला. कोण बरोबर, कोण चूक, त्यात मी शिरत नाही. ज्यानं त्यानं आपल्या बुद्धीनं ठरवावं. पण या सगळ्या वाटेत एका माणसाला कुणीही विचारलं नाही. मतदाराला! वकील बोलले, आयोग बोलला, न्यायाधीश बोलले, अध्यक्ष बोलले. मतदाराची पाळी आली ती थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये, मुदत संपल्यावर.

त्याच्या शेजारी २००५ ठेवून पाहा. तेव्हा निदान दारात येऊन विचारलं गेलं, "आम्ही निशाणी बदलली आहे, तुम्हांला मान्य आहे का?" माझ्या आईला सुपातला हात थांबवून विचार करावा लागला. म्हणून सांगतो, पोटनिवडणुकीचा कंटाळा करू नका. "पुन्हा कशाला मत, खर्च कशाला, त्रास कशाला" असं म्हणू नका. निवडून दिलेल्या माणसाला मधेच परत बोलावायचा हक्क आपल्या विधानसभेच्या मतदाराला नाही. त्या हक्काच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ही पोटनिवडणूक. तिच्यात आपल्याला जाब विचारायची संधी फुकट मिळते.

मतदार कुणाचा बांधील नाही

काही शहाणे म्हणतात, "लोक काय, मेंढरं! ज्याच्या हातात सत्ता, त्याच्या मागे." हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे पोटनिवडणुकांनीच दाखवलं आहे.

मालवणनं राणेंना उचलून धरलं. राजापूर, संगमेश्वर आणि नायगावनंही राजीनामा दिलेल्या माणसालाच नव्या निशाणीवर परत पाठवलं. पण श्रीवर्धननं नाही! तिथं श्याम सावंत पडले आणि शिवसेनेचे तुकाराम सुर्वे निवडून आले. एकाच नेत्यामागून गेलेले आमदार, एकाच कोकणातले मतदार, आणि निकाल निरनिराळे. मग मेंढरं कोण?

आणखी पाहा. साताऱ्याचे खासदार उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये निवडून आले, सप्टेंबरात राजीनामा देऊन दुसऱ्या पक्षात गेले, आणि ऑक्टोबरातल्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी त्यांना हरवलं. छत्रपतींच्या घराण्यातला माणूस. पण मतदारानं घराण्याला मुजरा केला आणि मत दुसऱ्याला दिलं. त्याच वर्षी सरहद्दीपलीकडे कर्नाटकात सतरा आमदारांचा मामला झाला. त्यांत बेळगाव जिल्ह्यातले गोकाक, अथणी आणि कागवाडचे आमदार होते. आपल्या सीमाभागाला लागून असलेला हा मुलूख. राजीनामे दिले, अध्यक्षांनी अपात्र ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली पण पुन्हा उभं राहायला मोकळीक दिली. डिसेंबर २०१९ मध्ये पंधरा जागांवर मतदान झालं आणि बारा जागा त्यांना घेणाऱ्या पक्षाला मिळाल्या. म्हणजे साताऱ्यात एक न्याय, गोकाकला दुसरा.

आणि पोटनिवडणूक लहान असते असंही समजू नका. गिरणगावातल्या जुन्या माणसांना १९७० सालची परळची पोटनिवडणूक आठवत असेल. आमदार कृष्णा देसाई यांचा जून महिन्यात खून झाला आणि ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली. वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. एका जागेचा निकाल, पण लाल बावट्याच्या गिरणगावाचं चित्र तिथून बदलत गेलं.

मतदार उचलतो आणि मतदार खालीही ठेवतो. ज्या राणेंना मालवणनं साठ हजारांनी निवडून दिलं, तेच २०१४ साली कुडाळला हरले, आणि २०२४ साली रत्नागिरी-सिंधुदुर्गातून लोकसभेत गेले. आणखी एक मौज पाहा. मालवण, संगमेश्वर, नायगाव हे तिन्ही विधानसभेचे मतदारसंघ २००९ पासून नकाशावर नाहीतच! फेररचनेत गेले. ज्या जागेसाठी एवढी झुंज झाली ती जागाच गेली. पक्ष बदलले, निशाण्या बदलल्या, मतदारसंघ पुसले गेले. शिल्लक राहिलो आपण.

तेव्हा आपण काय विचारलं?

आता मी बोट आपल्याकडेच वळवतो. राग मानू नका.

ज्या हिवाळ्यात मालवणच्या प्रचाराची धूळ उडत होती, त्याच सुमारास मुंबईत आपल्या पोटाचा निकाल लागत होता. गिरण्यांच्या जमिनीचा! मुंबईत गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ सालचा नियम असा, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचे तीन वाटे: एक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटे करायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. इमारती पाडून जी जमीन मोकळी होईल ती मालकाकडेच. म्हणजे भाकरी मालकाला आणि कोर वाटून घ्या! ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम झाला.

त्याच काळात आपल्या दारात मतं मागायला येणं-जाणं चालू होतं. मोठेमोठे नेते, मंत्री, दोन्ही बाजूंचे. कोण गद्दार आणि कोण निष्ठावंत, यावर आपण नाक्यानाक्यावर भांडलो. भाऊ भावाशी बोलेना. माझ्या वाडीत एक लग्न त्यापायी मोडता मोडता राहिलं. पण मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून सांगतो, माझ्या दारात आलेल्या उमेदवाराला मी एकदाही विचारलं नाही की "बाबा, गिरणीच्या जमिनीवर आमचं घर किती आणि कधी?" मी विचारलं नाही. तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं?

२०१२ च्या जूनमध्ये म्हाडानं गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली तेव्हा घरं होती ६,९२५ आणि अर्ज सुमारे दीड लाख. त्या आकड्यात माझी चूक किती आणि त्यांची किती, हे मी रात्री मोजत बसतो. मतदार जेव्हा गप्प राहतो, तेव्हा कागद दुसरं कुणी तरी लिहितं.

तीन सवाल

म्हणून बंधूंनो, पुढं कधी कुठल्याही पक्षाचा, अगदी तुमच्या आवडत्या पक्षाचा असला तरी, आमदार राजीनामा देऊन दारात आला, तर त्याला हाकलू नका आणि हारही घालू नका. त्याला पडवीत बसवा, पाणी द्या आणि तीन सवाल विचारा.

पहिला सवाल: मागच्या मताचा हिशेब काय? जेवढे महिने त्या मतावर बसलास, तेवढ्यात काय केलंस? रस्ता, शाळा, एसटी, दवाखाना, घर. तोंडी नको, मोजून सांग.

दुसरा सवाल: राजीनामा कुणासाठी दिलास? आमच्यासाठी दिला असशील तर आमचं कुठलं काम जुन्या पक्षात अडलं होतं आणि नव्या पक्षात होणार आहे, त्याचं नाव सांग. स्वतःसाठी दिला असशील तर तसंही सांग. खरं बोलणाऱ्याला कोकणी माणूस माफ करतो. उगाच गोड बोलणाऱ्याला नाही.

तिसरा सवाल: पुन्हा असंच करायची वेळ आली तर आम्हांला आधी विचारशील की नंतर?

हे तीन सवाल समोरच्या उमेदवारालाही विचारा. "तो गद्दार" एवढ्या भांडवलावर जो मत मागतो, त्याच्याकडेही माल काय आहे ते उघडून पाहा. दुसऱ्याच्या राजीनाम्यावर निवडून यायला बसलेला माणूस म्हणजे बदलीवाला. त्याला साचा चालवता येतो का, ते पाहिल्याशिवाय कायम करू नका.

आणि एक घरची गोष्ट. मुंबईहून मतदानाला गाड्या भरून येतात. गावाला येणं चांगलं आहे, पण दुसऱ्यानं गाडी दिली म्हणून मत त्याचं होत नाही. कायद्यानं एका माणसाचं नाव एकाच ठिकाणच्या यादीत असतं. नायगावात की गावी, ते आधी ठरवा, आणि जिथं ठरेल तिथं प्रत्येक खेपेला जा. पोटनिवडणुकीला मधल्या दिवशी सुट्टी टाकून कोण जाईल, असं म्हणून घरी बसलेला मतदार दुसऱ्याच्या हातात आपला अंगठा देऊन बसतो. संपाच्या काळात गेटवर आपण हजेरी चुकवली नव्हती. ही हजेरीही तशीच समजा.

माझ्या आईला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आज देतो. आये, तुझं पहिलं मत वाया गेलं नव्हतं. ते तू उसनं दिलं होतंस, आणि घेणारा ते परत न करता दुसरं मागायला आला होता. चूक मत देण्यात नव्हती. चूक मागच्याचा हिशेब न घेता पुढचं देण्यात होती. ती चूक माझी होती. या मंडपातून उठून जाताना एवढी एक गाठ पदराला मारून न्या: मत उसनं द्यायचं, फुकट नाही, आणि घेणारा पुन्हा दारात आला, की आधी मागची बाकी विचारायची.

कामगारांच्या एकजुटीचा विजय असो!
महाराष्ट्राचा विजय असो!